संकेतस्थळ आरेखन

संकेतस्थळ आरेखन म्हणजे संकेतस्थळावरील मजकूर, चित्रे, दुवे, अर्ज आणि इतर घटकांची अशी योजना करणे, की तेथे येणाऱ्या व्यक्तीला हवी ती माहिती वा सेवा विनासायास मिळावी आणि पान पाहताना प्रसन्न वाटावे. व्यवहारात यास ‘वेब डिझाइन’ असे म्हणतात. रंगसंगती आणि सजावट हा या कामाचा दर्शनी भाग होय. माहितीचे वर्गीकरण, पानांची परस्पर जोडणी, शब्दयोजना, पान उघडण्याचा वेग आणि अपंग व्यक्तींची सोय या बाबीही त्यातच मोडतात. छापील पानाची मांडणी करणाऱ्यास कागदाचा आकार आधीच ठाऊक असतो. संकेतस्थळाच्या आरेखकाला मात्र वाचकाच्या पडद्याची रुंदी, त्याच्या जोडणीचा वेग, त्याच्या उपकरणातील टंक किंवा त्याची दृष्टी यांपैकी कशाचीच खात्री नसते. या क्षेत्रातील बहुतेक तत्त्वे या अनिश्चिततेशी जुळवून घेताना निर्माण झाली आहेत.

इतिहास

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली. १९९१ मध्ये तेथील पहिले संकेतस्थळ सर्वांसाठी खुले झाले. त्यावर केवळ मजकूर आणि दुवे होते. १९९३ मध्ये आलेल्या ‘मोझॅइक’ या न्याहाळकामुळे मजकुराच्या सोबतीने चित्रे दिसू लागली आणि पानाच्या रूपाचा प्रश्न प्रथमच ऐरणीवर आला.

पानांची भाषा असलेल्या एचटीएमएलचा हेतू मजकुराची रचना सांगणे हा होता, म्हणजे शीर्षक कोणते, परिच्छेद कोणता, यादी कोणती. रूप ठरवण्याची सोय तिच्यात जवळजवळ नव्हती. त्यामुळे आकडेवारीसाठी असलेले तक्ते पानाचे रकाने पाडण्यासाठी वापरले जाऊ लागले आणि मोकळी जागा राखण्यासाठी पारदर्शक चित्रे पेरली जाऊ लागली. होकून वियुम ली यांनी ऑक्टोबर १९९४ मध्ये रूपासाठी स्वतंत्र भाषेचा प्रस्ताव मांडला. तीच पुढे सीएसएस म्हणून ओळखली जाऊ लागली आणि डिसेंबर १९९६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिला शिफारशीचा दर्जा दिला. या विभागणीचे सामर्थ्य पटवून देण्याचे काम डेव्ह शे यांच्या ‘सीएसएस झेन गार्डन’ या २००३ मधील प्रकल्पाने केले. त्यात एचटीएमएल एकच होते. जगभरातील आरेखकांनी केवळ सीएसएस बदलून त्याच पानाला परस्परांशी कसलेही साम्य नसलेली रूपे दिली. विद्यार्थ्यांसाठी आजही याहून सुबोध उदाहरण सापडणे कठीण आहे.

याच काळात ‘फ्लॅश’ या तंत्राची चलती होती. हलत्या चित्रांचा प्रास्ताविक पट आधी पाहावा लागे आणि मगच आत प्रवेश मिळे. अशा पानांतील मजकूर शोधयंत्रांना नीट वाचता येत नसे आणि न्याहाळकातील ‘मागे’ हे बटण अनेकदा निरुपयोगी ठरे. नोव्हेंबर १९९९ मध्ये सुरू झालेले बू डॉट कॉम हे कपड्यांचे ब्रिटिश विक्रीस्थळ देखणेपणासाठी गाजले. पण दूरध्वनीच्या तारेवरून जोडणी घेणाऱ्या तत्कालीन ग्राहकांसाठी ते अतिशय जड होते. मे २००० मध्ये कंपनी बंद पडली. अफाट खर्च हे त्याचे मोठे कारण होते, परंतु ज्या दुकानाचे दारच उघडत नाही तेथे खरेदी होत नाही, हेही त्या वेळी अनेकांच्या ध्यानात आले. अ‍ॅडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचे समर्थन थांबवले.

वापरसुलभता आणि सौंदर्य

वापरसुलभतेची प्रमाण व्याख्या आयएसओ ९२४१-११ या १९९८ च्या मानकात आढळते. विशिष्ट व्यक्तींना, विशिष्ट परिस्थितीत, विशिष्ट हेतू साध्य करताना लाभणारी परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान असे तिचे तीन घटक आहेत. एखादे संकेतस्थळ सरसकट ‘सोपे’ असे या व्याख्येनुसार म्हणता येत नाही. ते कोणासाठी आणि कोणत्या कामासाठी सोपे, हे सांगावे लागते. जेकब नील्सन यांचे ‘डिझायनिंग वेब युजेबिलिटी’ आणि स्टीव्ह क्रूग यांचे ‘डोन्ट मेक मी थिंक’ (२०००) या दोन पुस्तकांनी हा विचार आरेखकांपर्यंत पोहोचवला.

सौंदर्याचा वापरसुलभतेशी काय संबंध, यावर १९९५ मध्ये जपानमधील हिताची कंपनीच्या आरेखन केंद्रातील मासाकी कुरोसू आणि काओरी काशिमुरा यांनी लक्षवेधी प्रयोग प्रसिद्ध केला. बँकेच्या एटीएम यंत्रावरील बटणांच्या निरनिराळ्या मांडण्या त्यांनी लोकांना दाखवल्या. जी मांडणी सुंदर वाटली, तीच वापरायला सोपी असेल असे लोकांनी मानले. नोआम ट्रॅक्टिन्स्की यांना हा निष्कर्ष सांस्कृतिक वाटला आणि इस्राएलमध्ये तो टिकणार नाही अशी त्यांची अपेक्षा होती. तेथे केलेल्या प्रयोगात संबंध उलट अधिकच ठळक दिसला. पुढे २००६ मध्ये कॅनडातील कार्लटन विद्यापीठातील गिट्टे लिंडगार्ड आणि सहकाऱ्यांनी, पान आकर्षक आहे की नाही याविषयीचे मत सुमारे ५० मिलिसेकंदांतच बनू शकते, असे दाखवले.

या प्रयोगांचा आधार घेऊन सौंदर्यास सर्वाधिक महत्त्व देण्याचा मोह अनेकांना होतो. त्यांचा नेमका अर्थ मर्यादित आहे. देखणे पान पाहून लोक ते सोपे असल्याचे गृहीत धरतात आणि पहिल्या एकदोन अडचणींकडे दुर्लक्ष करतात. काम अडले तर हे गृहीतक टिकत नाही. परीक्षेचा निकाल, पाणीपट्टीचा भरणा किंवा रुग्णालयातील नोंदणी यांसारख्या कामांत, जेथे वापरणाऱ्याला दुसरा पर्यायच नसतो, तेथे केवळ देखण्या मांडणीचा लाभ अल्पजीवी ठरतो.

मांडणीची तत्त्वे

जवळ ठेवलेल्या वस्तू एका गटातील वाटतात, सारख्या दिसणाऱ्या वस्तू एकाच कामाच्या वाटतात, हे निरीक्षण विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील गेस्टाल्ट मानसशास्त्रज्ञांनी मांडले. पडद्यावरील मांडणीचा पाया तेच आहे. शीर्षक आणि त्याखालील परिच्छेद यांतील अंतर हे त्या शीर्षकाच्या वरील अंतरापेक्षा कमी असावे, हा साधा नियम त्यातूनच येतो. चौकटी, रेघा आणि छाया यांची गर्दी बहुधा तेथेच होते, जेथे मोकळ्या जागेचा योग्य उपयोग केलेला नसतो.

वाचक पडद्यावरील मजकूर क्रमाने वाचत नाहीत, तो चाळतात. नील्सन यांच्या संस्थेने २००६ मध्ये डोळ्यांच्या हालचालींवरून दाखवले, की नजर वरच्या एकदोन ओळींवरून आडवी फिरते आणि मग डाव्या कडेने खाली उतरते. या आकृतीला इंग्रजी ‘एफ’ अक्षराचे नाव मिळाले. तिचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. मांडणी ‘एफ’च्या आकाराची करावी, असे तिचे सांगणे नाही, उपशीर्षके नसलेला सलग मजकूर दिला की वाचक अशा प्रकारे पुष्कळ भाग सोडून देतो, असा तो इशारा आहे. असाच गैरसमज जॉर्ज मिलर यांच्या १९५६ मधील निबंधाबाबत रूढ आहे. तात्पुरत्या स्मृतीत सुमारे सात घटक मावतात, या त्यांच्या विवेचनावरून यादीत सातहून अधिक पर्याय नसावेत असा नियम सांगितला जातो. यादी समोर दिसत असताना ती लक्षात ठेवण्याची गरज नसते, त्यामुळे या नियमाला आधार नाही.

पॉल फिट्स यांचा १९५४ मधील नियम मात्र थेट लागू पडतो. लक्ष्य जितके मोठे आणि जवळ, तितके त्यापर्यंत पोहोचणे जलद. मोबाइलवर अंगठ्याने वापरायची बटणे एकमेकांना चिकटलेली असली की ‘जतन करा’ऐवजी ‘रद्द करा’ दाबले जाते. दुवा हा दुवा म्हणून ओळखू यावा, केवळ रंगाने नव्हे तर अधोरेखनानेही, आणि जी गोष्ट दाबता येत नाही ती बटणासारखी दिसू नये, हे संकेत रुळलेले आहेत. ते मोडण्यास सबळ कारण असावे लागते.

शब्द, वर्गीकरण आणि अर्ज

पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड यांनी झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात माहितीच्या ‘गंधा’ची कल्पना विकसित केली. भक्ष्य शोधणारा प्राणी गंधाच्या मागे जातो, तसा वाचक दुव्याच्या शब्दांवरून पुढे काय असेल याचा अंदाज घेत जातो. ‘येथे क्लिक करा’ या दुव्याला असा गंधच नसतो. पडदावाचक वापरणारी अंध व्यक्ती अनेकदा पानावरील केवळ दुव्यांची यादी ऐकते. तिला अशा पानावर ‘येथे क्लिक करा’ हेच शब्द दहा वेळा ऐकू येतात.

संस्थेच्या अंतर्गत रचनेचे प्रतिबिंब संकेतस्थळाच्या वर्गीकरणात उमटणे हा सर्वांत जुना आणि चिवट दोष आहे. ‘विभागाविषयी’, ‘प्रशासकीय रचना’, ‘परिपत्रके’, ‘योजना’ अशा शीर्षकांची यादी कचेरीतील माणसाला अगदी स्वाभाविक वाटते. उत्पन्नाचा दाखला हवा असलेल्या विद्यार्थ्याला मात्र तो यांपैकी कशाखाली असेल हे उमगत नाही. यावर उपाय म्हणून विषयांच्या चिठ्ठ्या प्रत्यक्ष वापरणाऱ्यांच्या हाती देऊन त्यांना त्यांचे गट पाडायला आणि गटांना नावे द्यायला सांगतात. या नावांत कार्यालयीन परिभाषा क्वचितच आढळते.

अर्जांत प्रत्येक रकाना हा वापरणाऱ्यावरील भार असतो. रकान्याचे नाव आतील फिकट अक्षरांत दिल्यास लिहायला लागताच ते नाहीसे होते, म्हणून ते बाहेर असावे. चूक झाल्यास ‘अवैध माहिती’ असे लाल अक्षरांत न सांगता कोणत्या रकान्यात काय अपेक्षित आहे हे तेथेच सांगावे आणि आधी भरलेली माहिती पुसू नये. पहिले नाव, मधले नाव आणि आडनाव हे तीन रकाने महाराष्ट्रात सर्वमान्य वाटतात. तमिळ परंपरेनुसार नाव असलेल्या व्यक्तीला ते भरताना ओढाताण करावी लागते.

देवनागरी मजकुराचे प्रश्न

संकेतस्थळ आरेखनाची बहुतेक पाठ्यपुस्तके रोमन लिपी गृहीत धरतात. त्यांतील सल्ले मराठी पानांवर जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

देवनागरीत अक्षराच्या वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार येतात. त्यामुळे त्याच आकाराच्या रोमन मजकुरापेक्षा मूळ अक्षर लहान दिसते आणि ओळींमध्ये अधिक अंतर लागते. रोमन मजकुरासाठी ठरवलेले अंतर तसेच ठेवले, तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. शीर्षके उठून दिसावीत म्हणून अक्षरांमधील अंतर वाढवण्याची रोमन लिपीतील प्रथा देवनागरीत वापरल्यास शिरोरेखा तुटते. कॅपिटल अक्षरे या लिपीत नाहीत आणि तिरपी अक्षरे तिच्या लेखनपरंपरेत नाहीत. भर देण्यासाठी ठळकपणा, आकार आणि रंग हेच मार्ग उरतात. अधोरेखनही उकारांना छेदून जाते, म्हणून रेघ थोडी खाली सरकवणे योग्य. दोन्ही कडा समान करण्याचा आग्रह मराठीत विशेष हानिकारक ठरतो, कारण लांबलचक सामासिक शब्द ओळीत मावले नाहीत की उरलेल्या शब्दांत मोठी भगदाडे पडतात.

युनिकोड प्रचलित होण्याआधी मराठी संकेतस्थळे आपापले स्वतंत्र टंक वापरत. टंक उतरवून घेतला नाही तर पानावर रोमन अक्षरांचा निरर्थक कचरा दिसे, आणि असा मजकूर शोधयंत्रांनाही सापडत नसे. युनिकोडमुळे हा प्रश्न सुटला. त्यानंतर प्रश्न उरला तो वाचनीय टंकांचा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा टंक मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीसोबत घरोघरी पोहोचला. पुढे मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे टंकसमूह मुक्त परवान्याखाली उपलब्ध करून दिले आणि आता निवडीला बराच वाव आहे. जोडाक्षरांमुळे देवनागरी टंकांत अक्षराकृतींची संख्या मोठी असते व त्यांच्या फाइली जड होतात. म्हणून एका संकेतस्थळावर चारपाच टंकप्रकार वापरणे ही मराठीत महागडी हौस आहे.

मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांची परंपरागत वळणे हिंदीतील वळणांहून वेगळी आहेत. काही टंकांत दोन्ही वळणे असतात आणि पानाची भाषा मराठी असल्याचे एचटीएमएलमध्ये नोंदवले असेल तरच मराठी वळण उमटते. हीच नोंद पडदावाचकालाही उपयोगी पडते. ती नसेल किंवा चुकून हिंदी असेल, तर तो मराठी मजकूर हिंदी उच्चारांनी वाचण्याची शक्यता असते. एका ओळीची ही नोंद असंख्य मराठी संकेतस्थळांवर राहून गेलेली आढळते.

शोधाच्या सुविधेत याहून बारीक अडचणी आहेत. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो आणि दोन्ही वेळा तो पडद्यावर सारखाच दिसतो. ‘ॲप’मधील पहिल्या अक्षराचेही तसेच; त्याला २००८ मध्ये स्वतंत्र संकेत मिळाला, पण जुनी पद्धतही चालू राहिली. शोधाने ही रूपे एक मानली नाहीत, तर पानावर डोळ्यांना दिसणारा शब्द शोधूनही सापडत नाही. नावांची यादी केवळ युनिकोडच्या क्रमाने लावल्यास ‘ळ’ हा ‘ल’नंतर आणि ‘क्ष’ हा ‘क’च्या जोडाक्षरांत जातो, तर मराठी वर्णमालेत ते ‘ह’नंतर येतात. साठवणीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि ‘क्ष’ हे एकच दिसणारे अक्षर तीन चिन्हांचे बनते. नावासाठी ३० बाइटांची मर्यादा असलेला रकाना रोमन नावाला पुरतो. मराठी नाव मध्येच, कधी कधी हलन्तावर तुटते. १२३ हे अंक स्वीकारणार नाही पण रोमन अंक स्वीकारेल, असा मराठी अर्जही दुर्मीळ नाही.

सुगम्यता

अपंग व्यक्तींना संकेतस्थळ वापरता यावे यासाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १९९९ मध्ये डब्ल्यूसीएजी ही मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. २००८ मधील दुसऱ्या आवृत्तीने त्यांना आजचे स्वरूप दिले, २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. आशय जाणवण्याजोगा, हाताळण्याजोगा, समजण्याजोगा आणि निरनिराळ्या साधनांवर टिकणारा असावा, ही त्यांची चार सूत्रे आहेत. त्यांच्या मधल्या पातळीनुसार मजकूर आणि पार्श्वभूमी यांतील उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे; मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ पुरेसे मानले जाते. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे ही अलीकडची आवडती शैली या कसोटीला बहुधा उतरत नाही, आणि तिचा त्रास वृद्धांना व उन्हात मोबाइल पाहणाऱ्या सर्वांनाच होतो. चित्राला पर्यायी मजकूर असणे, सर्व कामे माउसविना कळफलकाने करता येणे, चित्रफितीला मथळे असणे या इतर महत्त्वाच्या अपेक्षा होत.

सुगम्यता ही सौजन्याची बाब नसून हक्काची आहे, हे न्यायनिवाड्यांतूनही प्रस्थापित होत गेले. सिडनी ऑलिम्पिकच्या संकेतस्थळावरील माहिती आपल्याला मिळू शकत नाही, अशी तक्रार एका अंध नागरिकाने केली. ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने २००० मध्ये ती मान्य करून आयोजन समितीला २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई देण्यास सांगितले. भारतात दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला आणि शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल या विषयात महत्त्वाचा मानला जातो. बँक खाते वा सिमकार्ड यांसाठी होणाऱ्या डिजिटल ओळख पडताळणीत कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करावी लागे. आम्लहल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या आणि अंध व्यक्तींना ती करणे शक्य नव्हते. डिजिटल सेवांची उपलब्धता हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगून न्यायालयाने २० निर्देश दिले. पडद्यावरील एका सूचनेची आखणी करताना विशिष्ट माणसेच डोळ्यांसमोर ठेवल्याचा तो परिणाम होता.

मोबाइल आणि वेग

ईथन मार्कोट यांनी मे २०१० मध्ये प्रतिसादी आरेखनाची कल्पना मांडली. टक्केवारीत मोजलेले रकाने, लवचीक चित्रे आणि पडद्याच्या रुंदीनुसार बदलणारे सीएसएस यांच्या साहाय्याने एकच पान सर्व उपकरणांवर योग्य दिसते. लूक रॉब्लेव्स्की यांनी त्याही पुढे जाऊन आरेखनाचा आरंभच लहान पडद्यापासून करावा असे सुचवले. जागा कमी असली की अनावश्यक गोष्टी आपोआप गळतात.

प्रतिसादाच्या वेळेबाबत जुने ठोकताळे अजून उपयोगी आहेत. सुमारे ०.१ सेकंदात झालेली क्रिया तत्क्षणी झाल्यासारखी वाटते, एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही आणि दहा सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जाते. पानातील मुख्य घटक २.५ सेकंदांत दिसावा, ही गूगलची सध्याची कसोटी आहे. वाचत असताना जाहिरात वा चित्र उशिरा येऊन मजकूर खाली सरकणे हाही तिच्यातील एक मोजला जाणारा दोष आहे. वेग खाणाऱ्या गोष्टींत आकार कमी न केलेली छायाचित्रे बहुधा अग्रभागी असतात.

फसवे आरेखन

आरेखनाची तत्त्वे माणसाला अडकवण्यासाठीही वापरता येतात. हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये अशा युक्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिले. आधीच खूण केलेला विम्याचा चौकोन, ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई, सदस्यत्व घेण्याचे ठळक बटण आणि रद्द करण्याची लपवलेली वाट ही त्याची परिचित उदाहरणे. भारतातील केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. अशी पाने व्याख्येच्या पहिल्या दोन कसोट्यांवर, म्हणजे परिणामकारकता व कार्यक्षमता यांवर, उत्तम ठरू शकतात. फक्त साध्य होणारा हेतू वापरणाऱ्याचा नसतो.

चाचणी

आरेखकाला स्वतःच्या संकेतस्थळातील दोष सहसा दिसत नाहीत, कारण प्रत्येक गोष्ट कोठे आहे हे त्याला आधीच ठाऊक असते. म्हणून बाहेरच्या व्यक्तीला एखादे खरे काम देतात, तिला मनातले विचार मोठ्याने बोलायला सांगतात आणि मदत न करता निरीक्षण करतात. नील्सन आणि थॉमस लँडाउअर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणितावरून पाच व्यक्तींची चाचणी पुरेशी असते हा संकेत रूढ झाला. पाच जणांत बहुसंख्य ठळक दोष उघड होतात हे खरे; मात्र ते एकाच प्रकारचे वापरकर्ते असल्यास हे गणित लागू पडते. शेतकरी, विद्यार्थी आणि कचेरीतील कर्मचारी यांनी वापरायच्या संकेतस्थळासाठी प्रत्येक गटातून माणसे घ्यावी लागतात. नील्सन यांचा आग्रह पंधरा जणांची एकच मोठी चाचणी घेण्याऐवजी पाच-पाच जणांच्या तीन चाचण्या घेऊन मधल्या काळात दुरुस्त्या कराव्यात असा होता. मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत अशी चाचणी मराठी मजकूर भरूनच घ्यावी लागते. इंग्रजीत आखलेल्या बटणावर ‘सबमिट’च्या जागी ‘अर्ज सादर करा’ हे शब्द आले की ते मावत नाहीत, आणि हा दोष बहुधा भाषांतर पूर्ण झाल्यावर, म्हणजे अगदी अखेरीस लक्षात येतो.